ॲशबर्न व्हेलचे खासदार, माझे चिरंजीव

मी, डॉ. दीनानाथ गजानन प्रभुदेसाई, वय एकोणऐंशी, राहणार लार्च क्लोज, हॅरोजवळ, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. शुद्धीचा दाखला माझ्या जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, दिला आहे. हट्टीपणाबद्दल त्याने काही लिहिलेले नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. या वयात कोण कशाला दबाव आणतोय! याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरात रागाच्या भरात केले होते आणि त्यात माझा मुलगा परीक्षित याचे नाव नव्हते.

इंग्रजी मसुदा सॉलिसिटरबाईंनी केला आहे. मजकूर तोच, पण त्यात भांडायला जागा नाही. म्हणून हा मराठीत.

कलम १. माझी मुलगी आर्या, राहणार ब्रिस्टल, हिला मी व्यवस्थापक नेमतो. बँकेतली सर्व बचत, ठाण्याचा फ्लॅट आणि तिच्या आईचे दागिने तिचे. घराबद्दल तिला विचारले तर म्हणाली, "बाबा, मला घर नको. तुम्ही दोघं एकदाचे बोला, म्हणजे माझी सुटका होईल."

कलम २. घराबद्दल लिहायचे तर आधी मतदारसंघाबद्दल लिहावे लागेल.

मी आणि माझी पत्नी सुलक्षणा इथे आलो तेव्हा ॲशबर्न व्हेलचे खासदार एक निवृत्त मेजर होते. फुलांच्या प्रदर्शनात बक्षिसे वाटायची आणि निवडणूक आली की हात हलवायचा, एवढेच त्यांचे काम. मला व्हायचे होते हाडांचा सर्जन. पाठवले म्हाताऱ्यांच्या वॉर्डात, कारण तिथे गोरा डॉक्टर जायला तयार नव्हता. त्या वॉर्डात छत गळायचे. मेजरसाहेबांना तीन पत्रे लिहिली, उत्तर नाही. तेव्हा मी दुसऱ्या पक्षात गेलो आणि तिथलाच झालो. पक्षाचे नाव लिहीत नाही. ज्याला कळायचे त्याला कळते. चाळीस वर्षे मतदानाच्या दिवशी आमची पुढची खोली पक्षाचे ठाणे असे. कोण मत देऊन आला, कोण अजून घरात बसलाय, सगळा हिशेब तिथे चाले, आणि सुलक्षणाच्या पोह्यांवर अख्खी गोरी मंडळी राबत.

एक्क्याण्णव साली सुलक्षणाने पक्षाकडे उमेदवारी मागितली. जीपी म्हणून निम्मा मतदारसंघ तिला घरच्यासारखा ओळखत होता. चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. अध्यक्ष मिस्टर हॅरिंग्टन फार गोड आवाजात म्हणाले, "ही सीट अजून तयार नाही, डॉक्टर." गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "तयार नाही म्हणे! सीट काय इडलीचं पीठ आहे, फुगायची वाट बघायला?" आम्ही दोघे हसलो. मागे बसलेला परीक्षित हसला नाही. सुलक्षणाने पुन्हा कधी मागितली नाही. चौदा वर्षांपूर्वी ती गेली.

कलम ३. मिस्टर हॅरिंग्टन हयात आहेत, दर ख्रिसमसला कार्ड पाठवतात. त्यांना आमचे इडलीपात्र द्यावे. कारण विचारले तर आर्याने सविस्तर सांगावे.

कलम ४. एकोणीस साली परीक्षित त्याच सीटवर उभा राहिला. मेजरसाहेबांच्या पक्षाकडून! मी म्हणालो, "लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "तुमच्या लोकांनी आईला उभं केलं असतं, तर मी आज तुमच्याकडून उभा असतो. तुम्हाला अजूनही त्यांना पोहे खायला घालायचे असतील तर घाला." मी त्याला घराबाहेर काढले. खिडकीत आमचेच पोस्टर लावले आणि त्याच्याविरुद्ध ठाणे मांडले. नात अन्वीने तिच्या मोडक्या मराठीत विचारले, "आजोबा, तुमची घर कोणाच्या साइडवर आहे?"

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी दाराशी बूट काढत होतो आणि पत्रपेटीच्या फटीतून त्याचे पत्रक आत आले. बोटे मी ओळखली. तो बाहेर थांबला होता, मी आत. मग फाटक वाजले. फार वाईट वाटले, परीक्षित. अजून वाटते.

मत गुप्त असते, पण सांगून टाकतो: मी तुला मत दिले नाही. तरी तू निवडून आलास.

कलम ५. लोकांच्या दारांच्या फटींतून पत्रके आत ढकलायचे माझे लाकडी उलथने सून चैत्रालीला द्यावे. कुत्रे उलथन्याला चावते, बोटांना नाही. ती नवऱ्यासाठी दारोदार फिरते आणि मोजे फाटले तरी कुरकुरत नाही.

कलम ६. राहते घर, पुढच्या खोलीसकट, परीक्षितला. का, ते सांगतो.

दवाखान्याची बस बंद झाली तेव्हा मी त्याच्या सर्जरीत गेलो. खासदार लोकांच्या तक्रारी ऐकतात त्याला इथे सर्जरी म्हणतात. लायब्ररीत सगळ्यांबरोबर रांगेत बसलो. त्याच्या मदतनीस मुलीने पोस्टकोड विचारला, तो दिला. परीक्षितने मान वर केली आणि म्हणाला, "बोला, डॉक्टर." मी बसचे बोललो. त्याने नीट ऐकले, लिहून घेतले. बस सुरू झाली. पत्र आले, 'डिअर डॉ. प्रभुदेसाई'. मेजरसाहेबांकडून जे मला कधी आले नाही, ते मुलाकडून आले. मग मी जातच राहिलो. फुटपाथ, कचऱ्याचे डबे, वॉर्डाचे छत. छत खरेच गळत होते, डब्यांची तक्रार मी रचलेली होती. पाच वर्षे आम्ही बापलेक असेच बोललो, टेबलाच्या दोन बाजूंना बसून. तब्येत कशी आहे, हे त्यालाही विचारता आले नाही आणि मलाही.

चोवीस साली मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या. आमची गल्ली शेजारच्या किंग्जमीडमध्ये गेली. तो ॲशबर्न व्हेलमधून पुन्हा निवडून आला, पण माझा खासदार आता कोणी दुसरीच बाई आहे. त्याच्या सर्जरीत गेलो तर पोस्टकोड बघून ते मला तिच्याकडे पाठवतील, आणि ते नियमाने बरोबरच आहे. दीड वर्ष झाले, मी त्याचा आवाज ऐकलेला नाही. एक रविवार सोडून एक चैत्राली अन्वीला घेऊन येते. तो फाटकाबाहेर गाडीत बसून राहतो. मी पडद्याआडून बघतो.

कलम ७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. माझे तसे नको. सॉलिसिटरबाईंनी याची एक प्रत आजच्या आज परीक्षितला पाठवावी.

बाळा, आता तू माझा खासदार नाहीस. तुझ्याकडे मागायला माझ्याजवळ कुठलेही काम उरलेले नाही. येत्या रविवारी गाडीतून उतर आणि नुसता घरात ये.

दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली. एक आमच्या पक्षाचा, एक त्यांच्या. नंतर कोणी कुरबूर करू नये म्हणून.

(सही) दीनानाथ गजानन प्रभुदेसाई

साक्षीदार: अंशुमन राजाध्यक्ष, शेजारी (सही)
साक्षीदार: मार्गारेट डॉसन, समोरचे घर (सही)

लार्च क्लोज, मतदारसंघ किंग्जमीड
गुरुवार, ४ डिसेंबर २०२५