त्या कादंबरीत कपाशी नव्हती, आई

प्रिय आई,

काल एक कादंबरी वाचून संपवली आणि रागाने बाजूला आपटली. बाबा कंदिलाजवळ बसून उर्दूतून वाचायचे ना, तीच. आता मराठीत मिळाली. तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

आठवतं? निजामाच्या राज्यात बाबा शिकले ते उर्दूतच. कुंभार पिंपळगावच्या आपल्या ओसरीवर ते एकेक पान मनात वाचायचे आणि दिवसरात्र दारू पीत बसणाऱ्या त्या नवाबांची गोष्ट आपल्याला मराठीत सांगायचे. तू कापसातली सरकी काढत ऐकायचीस आणि चिडायचीस. "सकाळी पितेत, रातच्याला पितेत. ह्यांच्या रानात कोण राबून राह्यलं? एखाद्याला घरी बहीण असल का न्हाई?"

बहीण मधेच कुठून आली, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. धाकटा मामा जालन्यात शिंदी पिण्याच्या नादाला लागला होता, आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नको, असं तूच त्याला बजावलं होतंस. बाबांना मात्र बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून कादंबरीची तऱ्हाच बदलली. त्यातला एक रिकामटेकडा नवाब बाटली सोडून घरी आला. त्याने विहीर खोदली, कपाशी लावली. तुझा चेहरा काय खुलायचा! "बघा, म्हणलं न्हाई? माणूस असा बिलकुल वाया जात न्हाई. मंग, कपाशी कशी आली?"

बाबा गंभीरपणे पान उलटायचे. "बराबर आली."

नवाबाला कपाशीतलं काय कळतं, अशी शंका तुला एकदाही आली नाही का गं?

त्या पोळ्याला मामा आला, तेव्हा तू त्याच्यापुढे ताट ठेवलंस. नंतरही तो दोनदा पळाला, पण परत आला तो तुझ्याचकडे.

आई, पुस्तकात ते सगळे शेवटच्या पानापर्यंत पीतच बसतात. कुणीही घरी येत नाही. माझं डोकं फिरलं, आणि चिडायला सोबत तू नाहीस याचं फार वाईट वाटलं.

मामा आता माझ्याकडेच असतो. डोळ्यांनी दिसत नाही. पुस्तक आपटल्याचा आवाज ऐकून म्हणाला, "शके, कशावर चिडलीस? मला बी वाचून दाखव की."

आजपासून दाखवणार आहे. शब्द देते, बाबा वाचायचे तसंच वाचीन. कपाशी बराबर येईल.

तुझीच,
शकू