सहा मंगळवारांचा कोर्स

मंगळवार, २ सप्टेंबर. सकाळी ११ वाजून २५ मिनिटं.
अकराची वेळ दिली होती. बेल वाजली ती आत्ता. पंचवीस मिनिटं उशीर. लिहून ठेवते, उद्या कुणी नाही म्हणायला नको. बाई दाराबाहेर उभी आहे. राहू दे पाच मिनिटं. शिक्षण उंबऱ्यापासून सुरू होतं.

त्याच दिवशी, दुपारी ३.
आता सविस्तर. एकतीस वर्षं मी त्या समाजसेवा संस्थेत काढली, त्यातली शेवटची बारा प्रशिक्षण प्रमुख म्हणून. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत संस्थेचं वाटोळं झालं असणार, हे मला घरबसल्या दिसत होतं. अखेर गेल्या गुरुवारी आताच्या प्रशिक्षण प्रमुखाचा फोन. हिला मीच घडवलं. रागावलं तरी हसायची, म्हणून नाव पडलं हसरी. म्हणाली, मॅडम, नव्या लोकांना घरभेट जमत नाही हो, दर मंगळवारी एकीला तुमच्याकडे पाठवू का? मी म्हटलं, डायरी बघून सांगते. बघितली. जागा होती.

घरभेट म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, गप्पा मारायच्या, आणि गप्पांच्या आडून सगळं पाहून यायचं. खाणं, गोळ्या, पडझड. दिसतं सोपं.

लेकीला फोन करून सांगितलं होतं. ती परगावी असते. म्हणाली, मंगळवारी अकराला ना? छान झालं गं आई. मी वेळ सांगितलीच नव्हती. तल्लख आहे. माझ्यावर गेली.

तर आजची विद्यार्थिनी. चाळिशीची, आधी शाळेच्या लायब्ररीत होती. हातात जाडजूड वही, म्हणून मी तिचं नाव ठेवलं वहीवाली. खुर्चीच्या कडेवर बसली, जणू खुर्ची भाड्याची आहे. विचारलं, रात्री काय जेवता, गोळ्या कोण आणून देतं, दुसरी किल्ली कुणाकडे असते. मग म्हणाली, जुलैमध्ये बाथरूममध्ये पडलात म्हणे. मी पडले नव्हते. घसरले होते. फरक आहे. हसरीनं सरावासाठी माहिती पुरवलेली दिसते.

निघताना म्हणाली, मॅडम, मला काहीच येत नाही, तुम्हीच शिकवा. मला हसू आलं. हा तर माझाच नियम! मी लिहिलेल्या नियमपुस्तिकेतला चौथा. माणूस ताठ असेल तर मदत हा शब्द काढू नये, उलट त्याच्याकडेच काहीतरी मागावं, त्याला गुरू करावं. घोकून आली होती आणि माझ्यावरच सराव करत होती. प्रयत्न बरा, आवाज पडका. दहापैकी चार, तिला तसं सांगितलंही.

संकल्प: सहा मंगळवारांत हिला माणसात आणीन.

मंगळवार, ९ सप्टेंबर.
अकराच्या ठोक्याला हजर. धाक लागतोच.
आजचा धडा: परवानगीशिवाय फ्रिज उघडू नये. गार पाणी मागावं, म्हणजे घरची बाईच म्हणते, घे गं उघडून. तिनं गार पाणी मागितलं. मी म्हटलं, घे गं उघडून. तिनं उघडला आणि आठवड्यापूर्वीचं दूध गुपचूप ओतून टाकलं. शाब्बास. ते दूध मी परीक्षेसाठीच ठेवलं होतं.
मग मी तिच्या सरावाकरता एकाकी म्हातारीचं काम केलं. संध्याकाळी चारनंतर घड्याळ पुढे सरकत नाही, फोन वाजला तर राँग नंबर असतो, वगैरे. इतकं वठलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कॉन्व्हेंटमध्ये प्रत्येक नाटकात राणी मीच असायचे. सिस्टर म्हणत, हिला प्रॉम्प्टर लागत नाही. वहीवालीनं वही मिटली आणि माझा हात धरला. नियमपुस्तिकेत हात धरणं नाही. एक मार्क कापला. दहापैकी पाच.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. सकाळी १०.
संस्थेकडून मिस्त्री आला. बाथरूमच्या भिंतीत स्टीलची दांडी बसवून गेला. मी म्हटलं, हे काय? म्हणाला, आजी, धरायला. आजी! तुझ्या आजीला सांग. पण कोर्सला उपकरणं लागतात, हे हसरीला सुचलं याचं कौतुक आहे. सही केली.
ता. क. दांडी मजबूत आहे. टॉवेल वाळत घालायला. आज दोनदा धरली, मजबुती तपासण्यासाठी.

मंगळवार, १६ सप्टेंबर.
आज वहीवालीबरोबर हसरी स्वतः आली. दीड कप चहा प्यायली. म्हणाली, मॅडम, चेहऱ्यावर तेज आलंय हो तुमच्या. शिकवणाऱ्याला तेज येतंच. ती बाथरूममध्ये जाऊन दांडी हलवून आली. मी विषय काढला की काम इतकं वाढलंय तर मला काही हुद्दा असावा, मानद प्रशिक्षण सल्लागार वगैरे. हसली. ही हसली की होकार असतो की नकार, ते मला बारा वर्षांत कळलं नाही. होकार धरून चालते.
वहीवाली: सहा.

मंगळवार, २३ सप्टेंबर.
वहीवाली येताना माझ्या गोळ्या आणि सात कप्प्यांची डबी घेऊन आली. कप्पे मीच भरले, म्हातारी माणसं कशी चुकतात ते तिला दाखवायला. बुधवारच्या कप्प्यात दोनदा भरल्या. तिनं जादाच्या काढून घेतल्या. चूक मुद्दाम केली होती. साडेसहा.
जाताना म्हणाली, परवा गुरुवारी संस्थेच्या हॉलमध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांचं वार्षिक प्रशिक्षण आहे, मला बोलायचंय, भीती वाटते. मला आमंत्रण नाही. टपालात हरवलं असणार. जाणार. चाळीस मिनिटांचं भाषण तयार आहे. हसरीला ऐन वेळी कुणी लागलंच तर असावं हाताशी.

गुरुवार, २५ सप्टेंबर. दुपारी ४.
क्रमानं लिहिते.
दहाला पोचले. प्रशिक्षण कसलं, बालवाडी! भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवणं, चेंडू फेकून एकमेकांची नावं सांगणं. शेवटच्या रांगेत खांबामागे बसले, योग्य क्षणी उठायचं म्हणून.
साडेअकराला वहीवाली बोलायला उभी राहिली. एक केस सांगते म्हणाली. एक बाई, वय एकाहत्तर. लेक परगावी. निवृत्त अधिकारी. स्वभाव ताठ. जुलैमध्ये बाथरूममध्ये पडल्या, कुणाला कळू दिलं नाही. लेकीनं संस्थेकडे अर्ज केला. मदत म्हटलं असतं तर दार लावून घेतलं असतं.
मी मनात म्हटलं, अशा बायका मी ढिगानं पाहिल्या आहेत. आपलं ठेवायचं झाकून. आणि हिची मांडणी चांगली आहे, शिकवणी फुकट नाही गेली. मी हात वर केला आणि उभी राहिले. खणखणीत आवाजात सांगितलं की ही बाई अहंकारी आहे, हिला एकटेपण खातंय पण कबूल करायची नाही, हिच्याकडे आठवड्यातून एकदा जाऊन भागायचं नाही, दोनदा जा.
वहीवाली पांढरीफटक. हसरी पहिल्यांदाच हसत नव्हती. पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं, मग दार उघडलं कसं हो त्यांनी? कुणीतरी मागून बोललं, अरे त्यांना वाटतंय त्याच आपल्याला शिकवतायत, दहापैकी मार्क देतात म्हणे! हॉल हसला. मीही हसले. चांगलं जोरात.
मग हसू आपोआप थांबलं.
पर्स घेतली. निघाले. भाषण खुर्चीवर राहिलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.
लेकीला फोन. मी म्हटलं, माझ्या नावानं अर्ज करतेस, मला न विचारता? ती म्हणाली, विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस? आई, तू दोन तास फरशीवर पडून होतीस. मी म्हटलं, एक तास चाळीस मिनिटं. ती म्हणाली, बरं, एक तास चाळीस मिनिटं. मग ती म्हणाली, मला झोप नव्हती गं आई. आता मंगळवारी रात्री तेवढी लागते. मी फोन ठेवला. मी आधी ठेवला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर.
संस्थेला तक्रार, हातानं नेऊन दिली, पोच घेतली. मुद्दे: फसवणूक. केस सांगताना ओळख न लपवणं. अकराच्या भेटीला पंचवीस मिनिटं उशीर. माझं नाव लाभार्थ्यांच्या यादीतून तत्काळ काढावं. माझ्या दाराची पायरी कुणी चढू नये.
फार हलकं वाटतंय. आता माझे मंगळवार माझे.

सोमवार, २९ सप्टेंबर.
उत्तर आलं. आपल्या विनंतीनुसार नाव कमी केले आहे. खाली हसरीनं हातानं लिहिलंय, मॅडम, माफ करा. एका कामकाजाच्या दिवसात निर्णय! एकतीस वर्षांत त्या ऑफिसात एक खुर्ची दुरुस्त व्हायला सहा महिने लागायचे. माणसाला काढायची वेळ आली की हात कसे झरझर चालतात.

मंगळवार, ३० सप्टेंबर.
११.००. शांतता. काय सुख.
११.१५. चहा केला. दोन कप झाला, मापाचा घोटाळा. दोन्ही प्यायले.
११.४०. लिफ्टचा आवाज. वरच्यांकडे.
दुपारी वाचन करायचं ठरवलं होतं. चष्मा सापडेना. सापडला तेव्हा चार वाजले होते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर. दुपारी १.
खिडकीत सहज उभी होते. दहा पन्नासपासून. समोरच्या इमारतीत वहीवाली शिरली. दुसऱ्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात, त्यांच्याकडे. पडदे उघडेच असतात त्यांचे, मी बघायला गेले नव्हते. त्यांनी स्वतः फ्रिज उघडून दाखवला. लाज नाही माणसाला. ती खुर्चीत पाठ टेकून बसली होती. खळखळून हसली. माझ्याकडे कधी पाठ टेकली नाही.
अकरा ते बारा वीस. घरभेट पन्नास मिनिटांची असते. तीस मिनिटं जास्त! कुणाच्या परवानगीनं? ते काय तिला शिकवणार? टपालाचे शिक्के मारणं?
लेकीचा फोन आला. विचारलं, कोणी आलं होतं का आज? मी म्हटलं, मीच वेळ दिली नाही. ती बरं म्हणाली. आवाजावरून झोप झालेली दिसत नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर. सकाळी ६.
संस्थेला पत्र. पक्की प्रत केली, ही इथे उतरवून ठेवते.

प्रशिक्षण प्रमुख यांस. आपल्या एका कर्मचारी बाईंचा माझ्याकडील सहा मंगळवारांचा कोर्स चौथ्या मंगळवारी अर्धवट सोडण्यात आला. त्यांचे शेवटचे गुण साडेसहा आहेत. अशा अर्धशिक्षित व्यक्तीस आपण समोरच्या इमारतीतील ज्येष्ठ नागरिकांवर मोकळं सोडलं आहे, हा गंभीर हलगर्जीपणा आहे. उरलेले दोन मंगळवार, आणि झालेल्या नुकसानीपोटी पुढचेही, माझ्याकडेच झाले पाहिजेत. गुरुवारही चालेल.

आपल्या लोकांना अर्जाचा फॉर्म धड भरता येत नाही, असं माझ्या लक्षात आलं आहे. म्हणून नमुन्यादाखल एक भरून सोबत जोडला आहे. लाभार्थ्याच्या रकान्यात, कुणाचं तरी नाव हवं म्हणून, माझं घातलं आहे. पत्ता खरा आहे. सही केली आहे, कारण सहीशिवाय नमुना अपुरा दिसतो.

येत्या मंगळवारी अकरा वाजता कोण येणार, याचं लेखी उत्तर सोमवार, १३ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत मिळावं. फोन करू नये. लेखीच हवं, म्हणजे मला लेकीला वाचून दाखवता येईल.