दत्ताचं बारीक जाळं

शुक्रवार, दिवेलागण. पवनानगर.

आज दत्तानेही बारीक जाळं आणलं. माझा धाकटा भाऊ, धरणात मासेमारी करतो. पिल्लं वाढावीत म्हणून मोठ्या छिद्रांचीच जाळी वापरायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मग एकाने बारीक टाकलं, त्याची पाटी भरली. त्याचं पाहून शेजाऱ्याने टाकलं. बघता बघता दत्ता जवळपास एकटाच उरला.

आणि मी तळेगावच्या कॉलेजात हेच शिकवते. फायद्याची रीत पसरते, न परवडणारी मरते. फळ्यावर किती सोपं वाटतं.

"असंच चाललं तर धरणात मासाच उरणार नाही," मी म्हटलं.

"ठावं हाय, ताई. पन मी सोडलेलं पिल्लू दुसऱ्याच्या जाळ्यात जातंय. एकट्यानं काय राखायचं?"

खरं आहे, एकटा टिकत नाहीच. पण काही जण एकमेकांना धरून राहिले तर रीत पालटू शकते, हेही मीच शिकवते ना? म्हणून धावत सखाराम आबांकडे गेले. ते जुने मासेमार, तो ठराव त्यांनीच करवला होता; ते तरी अजून मोठ्या छिद्रांचंच जाळं टाकत असतील, असं वाटलं. म्हटलं, तुम्ही आणि दत्ता, दोघं तरी थांबा.

आबा ओट्यावर जाळं सांधत बसले होते. "लय उशीर केलास, पोरी," म्हणाले.

त्यांच्या मांडीवरच्या जाळ्यातून माझी करंगळीसुद्धा गेली नसती.