तेरमधला काळापांढरा रसास्वाद

५ जानेवारी, रविवार. सकाळी.
आजपासून नियमित लिहिणार. तेरमध्ये जुन्या काळ्यापांढऱ्या इंग्रजी विनोदी सिनेमांचा अभ्यास असलेला मी एकटा. एकट्या माणसानं नोंदी ठेवल्याच पाहिजेत. कुणी शिकवलं नाही. डिक्शनरी, मोबाइल आणि चिकाटी. पंचायत समितीतली क्लार्की पोटापुरती.
या सिनेमांचा नियम: पोरगी श्रीमंताघरची, पोरगा फाटक्या खिशाचा. सुरुवातीला कडाकड भांडतात, शेवटी लग्न. मधे मुलीचा बाप आडवा येतो, मग विरघळतो. भांडण जेवढं जोरात, तेवढं लग्न पक्कं. हे ओळखायला नजर लागते. सुमनला ती नाही. नावं सरकून संपायच्या आत आमच्या सौभाग्यवती झोपलेल्या असतात.
ठराव: दर रविवारी संध्याकाळी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये सिनेमा. इंग्रजी फार भरभर असतं, म्हणून मी शेजारी उभा राहून माइकवर मराठीत सांगणार.

१२ जानेवारी.
पहिला प्रयोग यशस्वी. प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर अमरदीपचे. बाबू मिस्त्रींचा मुलगा, मंडप-साउंडचा धंदा करतो. कामाला बरा, पण पडद्याला सुरकुती होती. ती संघप्रियानं दाखवली. (आमची कन्या. एमेस्सी. धाराशिवला कॉलेजात शिकवते.) तो म्हणाला, म्याडम, सुरकुती पडद्याला न्हाय, तुमच्या कपाळाला हाय. ती म्हणाली, मग आण इस्त्री, आधी तुझ्या जिभेवर फिरवते. बराच वेळ चाललं. मी दोघांनाही दटावलं.
लोक हसले, पण मी अर्थ सांगायच्या आधीच. अर्थ सांगितल्यावर गप्प झाले. विचार करत असावेत.

१९ जानेवारी.
हिरो हिरॉइनला चिखलात सोडून गेला, असं मी सांगत होतो तेव्हा पडद्यावर दोघं सूप पीत होते. मागून कुणीतरी म्हणालं, साहेब, तुमची गाडी लई लेट हाय. दोष माझा नाही. ते लोक श्वासच घेत नाहीत.

२६ जानेवारी.
झेंडावंदन, मग सिनेमा. गर्दी घटली. दर्दी तेवढे उरले.
अमरदीप या आठवड्यात घरी तीनदा आला. वायरिंग बघायला. घरात प्रोजेक्टर नाही, पण बघून ठेवलेलं बरं, असं म्हणाला. मन लावून काम करणारी पोरं आता कुठं मिळतात. संघप्रिया मात्र त्याच्याशी दारात भांडली, भांडत गेटपर्यंत गेली, गेटावरही भांडत राहिली. चहा गार झाला. एवढी शिकलेली मुलगी, पण तोंडाला लगाम नाही. सुमनला म्हटलं, हिला समजाव. ती नुसती हसली. तिला गांभीर्य नाही.

२ फेब्रुवारी.
महत्त्वाचा दिवस. धाराशिवच्या एका इंजिनिअरसाहेबांचा निरोप आला. मुलगा प्रसेनजित, पुण्यात कंपनीत. बंगला आहे. पुढच्या रविवारी मुलगी बघायला येतात.
सुमन म्हणाली, पोहे करू. म्हटलं, पोहे सगळेच करतात. आपण सिनेमा दाखवू. गिरणीमालकाची मुलगी आणि पियानो दुरुस्त करणारा पोरगा, हा निवडला. आपण साधे आहोत पण रसिक आहोत, हे साहेबांना न बोलता कळेल.
संघप्रिया म्हणाली, बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय. म्हटलं, रविवारनंतर.

८ फेब्रुवारी.
सरावात घसा बसला. हळद-दूध घेतलं. आवाज कोंबड्यासारखा.
तोडगा सुचला. हिरॉइनचं संघप्रिया बोलेल, हिरोचं अमरदीप. नाहीतरी दोघांना भांडायची सवय आहे. अशी निवड करायला नजर लागते.

९ फेब्रुवारी.
लिहावं की नाही. लिहितो. तपशील महत्त्वाचा.
पाहुणे पहिल्या रांगेत. पहिला अर्धा तास उत्कृष्ट. हॉल हसत होता, तेही वेळेवर. मग पडद्यावर गिरणीमालक एकटाच कुत्र्याला बिस्किट भरवायला लागला. कुणीच बोलत नव्हतं. स्पीकरमधून मात्र संघप्रियाचा आवाज आला: बाबांना कधी सांगणार? अमरदीपचा आला: सिनिमा संपल्यावर. ती: दिवाळीपासून हेच ऐकतेय. तो: तुझा बाप थांबल तर सांगू ना, त्यांचा माइक सुटतोय कुठं?
मला वाटलं, भाषांतर जरा मोकळं आहे, पण जिवंत आहे. मी टाळी वाजवली. एकट्यानंच.
मग तो म्हणाला, संघप्रिया, रडू नको, मी हाय ना. गिरणीमालकाच्या मुलीचं नाव संघप्रिया नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.
इंजिनिअरसाहेब उठले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, बसा हो, शेवट बघून जाऊ.

१० फेब्रुवारी.
रजा टाकली. प्रेमविवाहाला तत्त्व म्हणून माझा विरोध नाही. पण मिस्त्रीचा मुलगा? ऑफिसात काय सांगू? संघप्रियाला नाही म्हणून सांगितलं.
सुमनला म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, सुरकुतीच्या दिवसापासून. म्हटलं, तू तर झोपलेली असतेस. म्हणाली, मी सिनेमात झोपते, घरात न्हाय.

१६ फेब्रुवारी.
संघप्रिया आठवडाभर माझ्याशी बोललेली नाही. जेवते, भांडी घासते, कॉलेजला जाते. घरात इतकी शांतता कधी नव्हती. या घराला भांडण लागतं, हे मला आज कळलं.
ठराव: बाप विरघळतो. मी विरघळणार, पण इभ्रतीनं. पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः बाबू मिस्त्रींकडं जाऊन होकार देणार. गरीब माणूस आहे, एकदम आनंद झेपणार नाही, म्हणून हळूहळू सांगेन.

२३ फेब्रुवारी.
बाबू मिस्त्रींचं घर. संघप्रियाही सोबत आली. दोन मजले, स्वतः बांधलेले. दारात अमरदीपचे दोन टेम्पो, एक जनरेटर. कोच एवढा मऊ की मी खाली गेलो तो चहा येईपर्यंत वर आलो नाही.
जयभीम झाला. मी म्हणालो, आमची हरकत नाही. ते म्हणाले, आमची हाय थोडी. मग सावकाश सांगितलं. तुमचं घर भाड्याचं. नोकरी सरत आली. शेत न्हाय. आन् गावात लोक म्हणतात, साहेब एकदा बोलाय लागले की थांबत न्हायत. आमचे पाव्हणे साधे, त्यांना झेपायचं न्हाय.
सांगण्यासारखं एकही वाक्य सुचलं नाही. संघप्रिया शेजारी होती. तिनं माझा हात धरला.
मिस्त्रींनी ते बघितलं. म्हणाले, पोरगी सोन्यावानी हाय. तुमचं काय, चालवून घिऊ.