भावाचं नाव

झानेता, माझ्या भटक्या मांजरी,

स्वस्तातल्या बसनं ऑश्विट्झला निघालीस म्हणे. राहायला एका खोलीत बारा खाटा, वर त्याचं भाडंही देतेस! आमच्या माणसांना नाझींनी तिथं फुकट कोंबलं होतं.

फोनवर म्हणालीस, "आजी, तुझ्या भावाचं नाव सांग. तिथं मोठ्यानं हाक मारते." अगं, आपण रोमा, भटक्या जमातीची माणसं, मेलेल्याचं नाव घेत नाही, घेतलं तर तो मागोमाग घरी येतो. माझा भाऊ उपाशी गेलाय. आला, तर काय वाढू त्याला?

पण मी गेले की ते नाव कुणालाच ठाऊक नसेल, ही भीती आता जास्त मोठी झालीय. म्हणून शेजारच्या इर्माला लिहायला बसवलंय. ती करवादते, "बोल ना म्हातारे, शाई वाळली!"

लिही इर्मा, त्याचं नाव... थांब, आधी दार लाव. लावलंस? तरी जीभ उचलत नाही गं.

तुझी भित्री आजी