अडायचा तास

प्रिय सर,

अक्षर ओळखलंत ना? वर्गात उठसूट ‘पण का?’ विचारून तुमचं डोकं खाणारी मीच. आता माझं डोकं खायला वर्गभर मुलं आहेत असं सांगायला आवडलं असतं, पण माझ्या तासाला कुणी तोंडच उघडत नाही.

कॉलेजात गणित शिकवायला लागून एक सत्र झालं. मी प्रत्येक गणित घरून सोडवून नेते, फळ्यावर एक ओळ चुकत नाही. मुलं गुपचूप उतरवून घेतात आणि बेल झाली की पसार. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तर मानही वर करत नसे. गेल्या आठवड्यात तीच सांगायला आली, की कॉलेज सोडतेय, आपल्याला हे जमण्यातलं नाही. शुक्रवारपर्यंत थांब, एवढंच म्हटलं.

शुक्रवार तोंडातून निघाला तो तुमच्यामुळे. तुमचा शुक्रवारचा अडायचा तास! आम्ही कुठूनही गणित आणायचं, तुम्ही ते आधी न बघता थेट फळ्यावर घ्यायचं. निम्म्या वेळा गाडी अडायचीच. मग कान खाजवत ‘अडलो बुवा’ म्हणून खडू आमच्यापुढे धरायचात. तुमचा कान कायम पांढरा असायचा, त्यावरून आम्ही फार हसायचो.

म्हटलं, करून बघू. मुलांनी दिलेल्या गणितात तिसऱ्याच ओळीला माझी दांडी गुल. ‘अडले’ म्हणायला जीभ रेटत नव्हती, तरी म्हटलं आणि खडू पुढे धरला. मग शेवटच्या बाकावरून तीच उठली. तिचीही वाट चुकली, पण चुकलो दोघी मिळून, आणि चहूकडून सूचना यायला लागल्या. गणित काही सुटलं नाही. बेल झाली तरी कुणी जागचं उठलं नाही. जाताना तिनं हळूच विचारलं, “मॅडम, खरंच अडला होतात, की आमच्यासाठी?” खरंच गं, म्हटलं. सोमवारी ती दुसऱ्या बाकावर बसली होती. मला इतका आनंद झाला की हजेरी घ्यायची राहिली.

तिचा प्रश्न मात्र माझ्याच मागे लागलाय, म्हणून हे पत्र. तुम्ही पहिल्यांदा माझ्यापुढे खडू धरलात, त्या दिवशी हॉस्टेलवर माझी बॅग भरलेली होती. संध्याकाळच्या गाडीनं मी कायमची घरी निघाले होते. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सर, त्या दिवशी तुम्ही खरंच अडला होतात, की तुम्हाला कळलं होतं?

तुमचीच,
पण-का