निवदाच्या आधी

आत्या, लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्हाला सासूबाई असं कधी म्हटलं नाही, म्हणून इथंही म्हणत नाही. उद्या येळवस, वेळ अमावस्येची रानातली पूजा. तुळजापूरच्या या दोन खोल्यांत सकाळपासून तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे सोलत बसले आहे, भज्जीला लागतात. आंबिलासाठी ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवलंय. मुलं एवढ्यासाठी घरी येतात आणि तांब्यानं आंबील पितात. मला मात्र तो आंबूस वास आला की जेवण नको होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तसंच.

माझी पहिली येळवस तामलवाडीच्या घरातली. तुम्ही बाजरीचे उंडे वळताय, मी चुलीवरचं आंबील ढवळतेय. मीठ कमी पडलं की काय म्हणून मी बोट चाटून पाहिलं. तुम्ही उठलात आणि अख्खं पातेलं म्हशीपुढं ओतलंत. "रानात पांडवांना निवद दावायच्या आधी तोंड लावलंस व्हय गं? आईनं एवढं बी शिकवलं न्हाय?" दारात नणंदा उभ्या, पाहुणे उभे. शेजारणीकडून ताक मागून तुम्ही पुन्हा आंबील केलंत. रानात कडब्याच्या खोपीत पाच दगडांची पूजा झाली, निवद दाखवला, आणि पहिला तांब्या तुम्ही माझ्याच हातात दिलात. मी प्यायले. पण माझ्या आईला बोललेलं काही केल्या उतरलं नाही. पुढं तुम्ही माझी दोन्ही बाळंतपणं केलीत, तरी नाही.

मग तुमची शेवटची येळवस. तुम्ही खाटेवर आहात, चार दिवस पाण्याशिवाय पोटात काही नाही. सगळे रानात निघालेत, मी आंबील मडक्यात ओततेय. तुम्ही म्हणालात, "वाटीभर दे गं. लई मन झालंय."

"निवद व्हायचाय अजून, आत्या. आल्यावर देते."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "व्हय, बराबर हाय," म्हणालात आणि भिंतीकडं तोंड केलंत. दुपारी परतलो तेव्हा तुमची शुद्ध हरपली होती. चमच्यानं घातलेलं आंबील गालावरून ओघळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

भावकीतल्या बायका अजून माझं कौतुक करतात, सासूचा नेम शेवटपर्यंत पाळला म्हणून. ऐकताना जीव नकोसा होतो. एका वाटीनं कुठलाच देव बाटणार नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. आता मी कितीही मडकी भरली तरी ती वाटी तुम्हाला मिळायची नाही, आणि माफी मागायला तुमच्याशिवाय माणूस नाही.

हे कुणाला दाखवणार नाही, फाडूनच टाकीन. त्या सकाळी मला निवदाचं काही पडलं नव्हतं, आत्या. तुमचाच शब्द तुम्हाला ऐकवायला मिळाला होता, आणि मडकं डोक्यावर घेऊन रानात पोचेपर्यंत मला बरं वाटत होतं.